दंडाची पावती : खानदेशातील कष्टकऱ्यांच्या अभ्यासाची ओळख

सातपुड्याच्या पायथ्याला यावल, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात वनजमीन कसणाऱ्या घरांमध्ये कागदांची एक पिशवी असते. प्लॅस्टिकची, दोरीने तोंड आवळलेली, गळक्या कौलांपासून दूर टांगलेली. तिच्यात रेशनकार्ड असतं, जातीचा दाखला असतो, मोर्चाच्या वेळी दिलेल्या निवेदनाची पोच असते, आणि नशीब असेल तर वनखात्याची एक जुनी पावती असते. बापाने किंवा आजाने जंगलात नांगर धरला म्हणून त्याच्याकडून वसूल केलेल्या दंडाची ती पावती. २००६ साली वनहक्क कायदा झाला आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा मागितला जाऊ लागला, तेव्हा या पावतीचं मोल एकाएकी बदललं. ज्या कागदाने माणसाला गुन्हेगार ठरवलं होतं, तोच कागद 'हा माणूस त्या वर्षी त्या जमिनीवर होता' अशी सरकारी साक्ष देऊ लागला. ज्याने दंड भरून पावती जपली त्याचा दावा भक्कम झाला. ज्याच्याकडून चार पैसे किंवा कोंबडी घेऊन, पावती न फाडताच सोडून दिलं गेलं, त्याच्या हाती काही उरलं नाही.

कष्टकऱ्यांच्या जगण्याचा अभ्यास करायला येणाऱ्या नव्या वाचकाला मी सगळ्यात आधी ही पावती दाखवीन. या क्षेत्राचा गाभाच तिच्यात आहे. संस्था गरिबाकडे पाहत नाहीत असं आपण सहज म्हणतो. त्या पाहत नसल्या तरी लिहीत मात्र असतात: दंड, थकबाकी, अतिक्रमण, गैरहजेरी, नामंजुरी. आणि गरीब माणूस पुष्कळदा त्या लिहिलेल्यातूनच स्वतःच्या टिकण्याची वाट काढतो. त्यासाठी तो किती खेटे घालतो, किती रोज बुडवतो, कोणाकडून अर्ज लिहून घेतो, कोणत्या टेबलासमोर किती वेळ उभा राहतो, याची नोंद कुठल्याच हजेरीपत्रकात होत नाही. हे खेटे म्हणजे सुद्धा श्रमच आहेत, आणि कामगारांच्या इतिहासात त्यांना जागा मिळायला हवी, हे या प्रस्तावनेचं म्हणणं आहे. संप, मोर्चे, गोळीबार यांचा इतिहास थोडाफार तरी लिहिला जातो. दोन मोर्चांच्या मधली दहा वर्षं माणूस कसा तगला, हे लिहायचं राहून जातं.

आधी थोडा भूगोल, कारण त्यावाचून अभ्यासक चुकीच्या कचेरीत जाऊन बसतो. १८१८ नंतर इंग्रजांच्या हाती आलेला खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता. १९०६ साली त्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे पुढचा जळगाव, पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. त्यामुळे शहादा-तळोद्यातल्या आदिवासींचा सत्तरच्या दशकातला लढा कागदोपत्री 'धुळे जिल्हा' असा सापडतो आणि आजच्या नकाशात तो नंदुरबारमध्ये असतो.

इंग्रजी अमलातले कागद विपुल आहेत आणि ते रागावून बाजूला टाकण्यासारखे नाहीत. १८२५ पासून आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांचं सैनिकी पथक उभं केलं. १८५२ मध्ये महसुली मोजणीच्या विरोधात सावदा, फैजपूर, एरंडोल भागात रयत हजारोंनी जमली आणि सरकारला फौज आणावी लागली. १८८० मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशावर निघाला. त्यात भिल्लांबद्दल जे लिहिलंय ते आज वाचवत नाही. पण वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांमध्ये पुराव्यांची जी यादी आहे तिच्यात गॅझेटियरही आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब आहेत, विहीर, बांध आणि स्मशान यांच्या खुणाही आहेत. म्हणजे ज्या ग्रंथाने एका समाजाला चोर-दरोडेखोर म्हटलं, त्याच ग्रंथाचा हवाला देऊन त्या समाजाचा नातू आपला रहिवास सिद्ध करू शकतो. ही तरतूद वरून कोणी उदार होऊन दिलेली नाही. केवळ सरकारी कागदावर दावा ठरवू नये, इतर पुरावाही पाहावा, यासाठी महाराष्ट्रातल्या आदिवासी संघटना ऐंशीच्या दशकापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडल्या होत्या.

धुळ्यात साधनं गोळा करण्याची मोठी परंपरा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला वारले आणि लगेच १९२७ च्या जानेवारीत त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं उतरवून घेतली, वाण्याच्या पुडीत जाऊ घातलेली पत्रं वाचवली. त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चे बावीस खंड आले. ती दप्तरं सरदार-जहागीरदारांची, देशमुख-कुलकर्ण्यांची होती, हे खरं. पण राजवाड्यांची रीत कोणाच्याही घराला लागू पडते. सालदाराच्या घरी सनद नसेल, पिशवी असेल. माळ्यावर चढण्याची तीच चिकाटी दाखवणाऱ्या अभ्यासकाची आज खानदेशाला गरज आहे.

नोंद कोणाची होते आणि कोणाची राहून जाते, हे समजून घ्यायला चाळीसगावची एक घटना मला फार मोलाची वाटते. गोष्ट १९२९ ची. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला समिती नेमली होती. डॉ. आंबेडकर तिचे सभासद होते, आणि खानदेशात एका गावाने टाकलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते ऑक्टोबरमध्ये परतत होते. चाळीसगावच्या महारवाड्याने त्यांना मुक्कामाला थांबवून घेतलं. स्टेशनावर लोक तासभर ताटकळले, कारण एकही टांगेवाला महाराला घेऊन जायला तयार होईना. शेवटी वस्तीतल्या लोकांनी तोड काढली. टांगा भाड्याने घ्यायचा, मालकाने हाकायचा नाही, आपल्यातल्याच एकाने हाकायचा. त्या माणसाने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. घोडा आणि टांगा नदीत गेला. पुढे त्यांनी स्वतः ही हकीकत लिहून ठेवली म्हणून आपल्याला ती ठाऊक आहे.

या प्रसंगातला बहिष्कार तर साऱ्यांच्या लक्षात राहतो. मला त्यातली तोड महत्त्वाची वाटते. महारवाड्यातल्या मजुरांनी पाहुण्याचा मान राखण्यासाठी जे केलं ते त्यांच्या रोजच्या जगण्याचंच सूत्र होतं. जिथे व्यवस्था नाही म्हणते तिथे तिच्याकडून नुसती वस्तू भाड्याने घ्यायची आणि जोखीम स्वतः उचलायची. अशा जोखमीत हात-पाय मोडलेली किती माणसं असतील. टांगा हाकणाऱ्याचं नाव त्या लेखनात नाही. सरकारची चौकशी समिती गाऱ्हाणी लिहून घेत फिरत होती, आणि त्याच फेरीत तिच्या सभासदाला स्टेशनापासून वस्तीपर्यंत पोचवण्याचं काम एका अनाम मजुरावर पडलं होतं.

गिरण्यांचा इतिहास त्या मानाने उजेडात आहे. अमळनेरात प्रताप शेठजींच्या नावाची गिरणी होती, त्याच नावाचं हायस्कूल होतं आणि १९१६ मध्ये त्यांच्याच आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर सुरू झालं. साने गुरुजी आधी या तत्त्वज्ञान मंदिरात आले, मग १९२४ ते १९३० त्या हायस्कुलात शिक्षक होते. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरातून 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक काढलं. त्या वर्षी अतिवृष्टीने पूर्व खानदेशातली पिकं गेली. सारामाफी मिळायची तर आणेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, कमी लागावी लागते, आणि आणेवारी शेतात उभं राहून कमी, दप्तरात बसून जास्त ठरते. गुरुजी शेतकऱ्यांना घेऊन सारामाफीसाठी उभे राहिले, गिरणी कामगारांच्या मागण्यांसाठीही उभे राहिले. मुंबई प्रांतात सरकार होतं ते त्यांच्याच पक्षाचं, आणि त्याच सरकारने त्या वर्षी संपावर बंधनं आणणारा औद्योगिक कलहाचा कायदा केला. अभ्यासकाने इथे थांबून विचार करावा. संस्था म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे परका साहेब येतो, पण बेपर्वाई आपल्या माणसांच्या राज्यातही त्याच कागदांवर, त्याच रकान्यांत चालू राहते. आज आणे गेले, पैसेवारी आली. पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर अजूनही अख्ख्या तालुक्याचं वर्ष लटकलेलं असतं.

जळगावची खानदेश मिल १८७० च्या दशकातली. ती बंद पडली आणि तिच्या जागेवर आता व्यापारी संकुल आहे. बेलगंगा आणि पांझराकान हे सहकारी साखर कारखानेही बंद पडलेले आपण पाहिले. कारखाना सुरू होतो तेव्हा उद्घाटनाची कोनशिला बसते. तो बंद होतो तेव्हा कामगाराकडे भविष्यनिधीची चिठ्ठी, पगाराची पावती आणि ओळखपत्र एवढंच असतं, आणि थकलेल्या देण्यासाठी पुढची कैक वर्षं तारखा. भुसावळच्या रेल्वे कामगारांचं तसं नाही. त्यांच्या मागे देशभराची संघटना होती, आणि मे १९७४ च्या वीस दिवसांच्या संपाबद्दल वाचायला भरपूर आहे. म्हणून इथे त्यात शिरत नाही.

शहाद्याकडे मात्र नीट वळायला हवं. तापीच्या काठची काळी, कसदार जमीन भिल्लांच्या हातून कर्जापायी, फसवणुकीपायी गेली आणि मूळ मालक तिच्यावरच सालदार म्हणून राबू लागला. सालदार म्हणजे वर्षभराचा बांधील गडी. उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत मालकाच्या वाड्याशी बांधून घ्यायचं. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने आदिवासी उठले. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला, बाहेरून आलेले तरुण त्यांना मिळाले आणि श्रमिक संघटना उभी राहिली. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले कुमार शिराळकर त्यांतलेच. ते तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. २०२२ मध्ये ते वारले. अंबरसिंग १९७४ मध्येच गेले, पण त्यांच्यामागे जमीन परत मिळवण्याची भाषा लोकांच्या तोंडी बसली होती. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा राज्याचा कायदा वाचताना हा सगळा गलबला मनात ठेवावा.

या चळवळीची मला सर्वांत जवळची वाटणारी बाजू बायकांची आहे. शिबिरात बसलेल्या बायका नवऱ्याच्या दारूबद्दल आणि माराबद्दल बोलू लागल्या, आणि मग गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९७६ मध्ये या चळवळीवर लिहिलं, ते जगभर वाचलं गेलं. मालक, सावकार, फौजदार यांच्याशी भांडता भांडता घराच्या आतला अन्यायही त्याच दमात विचारता येतो, हे शहाद्याच्या बायकांनी दाखवलं. कष्टकऱ्यांच्या टिकून राहण्याची गोष्ट सांगताना घराच्या उंबऱ्याशी थांबणारा अभ्यास मला अपुरा वाटतो.

त्याच वर्षांत दुष्काळ होता. १९७२ ची खडी, सुकडी आणि मस्टर यांच्या आठवणी धुळे-जळगावच्या म्हाताऱ्या माणसांकडून अजून ऐकायला मिळतात. खडी किती फोडली यावर मजुरी, मोजमाप घेणारा येईल तेव्हा, आणि पैसे त्याच्याही नंतर. त्या कामांवर जमलेल्या लाखो मजुरांच्या रेट्यातून राज्याचा रोजगार हमी कायदा आला. १९७७ मध्ये तो संमत झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि देशाच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याला त्याचा आधार मिळाला. मागेल त्याला काम, हे तत्त्व महाराष्ट्राने देशाला दिलं असं आपण अभिमानाने सांगतो. ते मागणारा खडीच्या ढिगावर बसलेला होता, हेही त्याच वाक्यात सांगायला हवं.

दिवाळीनंतर खानदेशातल्या भिल्ल वस्त्या ओस पडतात. माणसं ऊसतोडीला जातात, बरीचशी सीमेपलीकडे गुजरातेत. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांवर काम केलं, त्यात खानदेशातून येणाऱ्या या टोळ्या ठळकपणे येतात. तिथे माणूस मोजला जात नाही, कोयता मोजला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता, पोर मोळ्या ओढायला लागलं तर तेही त्यातच. उचल मुकादम देतो, हिशेब मुकादम ठेवतो, त्यामुळे मजूर कोणाचे असं विचारलं की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो. महाराष्ट्रातली कचेरी म्हणते काम गुजरातेत झालं, गुजरातेतली म्हणते माणसं महाराष्ट्रातली. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ पासून कायदा होता. या दोन बोटांच्या मधल्या जागेत सहा महिने जगणाऱ्या माणसाचं रेशन, पोराची शाळा, बाळंतपण, मत कुठे नोंदवायचं, हे प्रश्न त्या कायद्याने सोडवले नाहीत. पाचटाच्या खोपीत ते रोज सोडवले जातात, बहुतेक वेळा बाईकडून.

१४-१५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्री यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. मालावर बसून घरी निघालेले पंधरा-सोळा मजूर त्याखाली गेले, बहुतेक रावेर तालुक्यातले. याची नोंद अपघात म्हणून होते आणि ते चूक नाही. पण माल भरणाऱ्याला परतीला मालावर बसूनच का यावं लागतं, हा कामगारांच्या इतिहासाचा प्रश्न आहे आणि तो वाहतूक पोलिसांच्या कागदावर कधी येणार नाही.

शहरातल्या दप्तरांबद्दल एक उदाहरण पुरे. जळगावात नव्वदच्या दशकात झोपडपट्टीवासीयांसाठी घरकुल योजना आली. हजारो घरं बांधायची होती, त्यांतली थोडीच उभी राहिली. २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यासह ४८ जणांना दोषी ठरवलं. त्यावर अपिलं झाली. वर्तमानपत्रांनी ठराव, निविदा, रकमा यांवर रकाने भरले, आणि ते आवश्यकच होतं. ज्यांच्यासाठी घर मंजूर झालं होतं त्यांनी ती सगळी वर्षं कोणत्या पत्र्याखाली काढली, ते या खटल्यात साक्षीला लागत नव्हतं. अभ्यासकाला ते लागतं.

आणि विखरणचे धर्मा पाटील. शिंदखेडा तालुक्यातल्या या ८४ वर्षांच्या शेतकऱ्याची पाच एकर जमीन वीज प्रकल्पासाठी गेली, मोबदला चार लाखांच्या घरात मिळाला आणि शेजारच्या जमिनींना त्याच्या कितीतरी पट. ते कागद घेऊन कचेऱ्या चढले. २२ जानेवारी २०१८ ला त्यांनी मंत्रालयात विष घेतलं, २८ तारखेला ते गेले. त्यानंतर फाइल हलली. त्यांच्या आधीच्या खेट्यांचा इतिहास कोणीतरी तारीखवार लिहायला हवा, कारण त्या एकेका तारखेला ही गोष्ट थांबवता आली असती.

साहित्याकडून येणाऱ्या वाचकाला इथे दोन वाटा दिसतील. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शेतात आणि जात्यावर जे गात होत्या ते मुलाने आणि आप्तांनी उतरवून घेतलं, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या आग्रहाने ते पुस्तकरूपाने आलं. दुसरी वाट वाहरू सोनवणे यांची. श्रमिक संघटनेतून घडलेल्या या भिल्ल कवीने 'गोधड' मधून स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि चळवळीत आदिवासींच्या वतीने दुसरेच बोलत राहतात, याचा जाबही विचारला. जबाब लिहून घेणाऱ्या प्रत्येकाने तो जाब स्वतःला लागू करून घ्यावा. माणूस अहिराणीत किंवा भिलीत बोलला तर तसंच उतरवावं, प्रमाण मराठीत आणून गुळगुळीत करू नये. धुळ्याच्या शरद पाटलांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढून वर्गाबरोबर जात आणि स्त्रीदास्य यांचा एकत्र विचार मांडला, तोही वाचावा. पटो न पटो, या मातीत तयार झालेलं ते सिद्धांतन आहे आणि ते टाळून इथल्या मजुराकडे पाहिलं तर अर्धंच दिसतं.

एक गोष्ट जपावी. पिशवीतल्या कागदांमागे कचेरीतली माणसंही असतात. कोणी तलाठी उतारा वेळेवर देतो, कोणी मास्तर रात्री बसून पन्नास अर्ज भरून देतो, कोणी वनरक्षक पावती आठवणीने फाडतो. अशा माणसांना गाळलं तर टिकून राहण्याचं गणित सुटत नाही.

सुरुवात कुठून करावी असं विचारणाऱ्याला मी नामंजुरीच्या पत्रांकडे पाठवीन. वनहक्काचा दावा फेटाळला तर कारण लेखी कळवलं पाहिजे आणि दावेदाराला साठ दिवसांत अपील करता आलं पाहिजे, असं कायदा आणि नियम सांगतात. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला तो स्थगित केला, तेव्हा हा फेटाळण्याचा कागद किती जड आहे ते साऱ्या देशाला कळलं. त्याच्या तीन महिने आधी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, लोकसंघर्ष मोर्चाबरोबर जळगाव-धुळे-नंदुरबारचे हजारो आदिवासी ठाण्याहून मुंबईपर्यंत चालत गेले होते, ते याच दाव्यांसाठी. त्या पत्रांवर कारणाच्या जागी काय लिहिलंय, ते कोणत्या तारखेचं आहे, दावेदाराच्या हाती कधी पडलं, की पडलंच नाही, पुढे त्याने कोणाला गाठलं, किती रोज बुडवले, हे घरोघर बसून विचारता येतं आणि उपविभागीय कचेरीतल्या नोंदींशी ताडून पाहता येतं. दोघा-तिघांनी मिळून एका तालुक्यापुरतं हे काम हाती घेण्यासारखं आहे. पेरणीच्या आणि ऊसतोडीच्या दिवसांत मात्र जाऊ नये, तेव्हा घरी कोणी भेटणार नाही.